गोंधळ घाला, पण शिस्तीत!

आपल्या शरीरातल्या छोट्या छोट्या चुंबकांना आपली साधी खोलीही भट्टीसारखी वाटते. अशा तापलेल्या गर्दीत काही नियम सापडतात का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षं छळतोय. २०२४ मध्ये तर एक छान जुळलेलं उत्तर पुन्हा विस्कटलं. त्याचीच ही गोष्ट.

तुमच्या घरात कुणाचा तरी एमआरआय झालाच असेल. आजीचा गुडघा, बाबांची पाठ, नाहीतर टर्फवर फुटबॉल खेळताना मुरगळलेला तुमचाच घोटा. भलंमोठं पाकीट घरी येतं, सगळे जण काळी-पांढरी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून डॉक्टर असल्यासारखे बघतात आणि मग पाकीट कपाटावर जातं. ते चित्र काढलं कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

ते काढलं तुमच्या शरीरातल्या पाण्याने. नीट सांगायचं तर पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकाने, म्हणजे प्रोटॉनने. प्रत्येक प्रोटॉनला ‘स्पिन’ नावाचा एक गुण असतो. स्पिन म्हटलं की आपल्याला फिरकी गोलंदाज आठवतो, पण प्रोटॉन काही चेंडूसारखा गरागरा फिरत नसतो. जसं त्याला वस्तुमान असतं, विद्युतभार असतो, तसाच हा एक जन्मजात गुण. त्याच्यामुळे प्रोटॉन एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी आपलं काम भागेल. (मी मास कॉमवाली. बारावीनंतर फिजिक्सची पुस्तकं रद्दीत गेली. त्यामुळे घाबरू नका, गणित येणार नाहीये.)

दहा लाखांत फक्त पाच!

एमआरआयच्या बोगद्यात साधारण १.५ टेस्ला ताकदीचं चुंबकीय क्षेत्र असतं. एवढ्या दांडग्या चुंबकात शिरल्यावर सगळे प्रोटॉन पीटीच्या तासाला उभं राहिल्यासारखे एका रांगेत येत असतील, असं वाटतं ना? प्रत्यक्षात जवळपास निम्मे क्षेत्राच्या दिशेने असतात आणि निम्मे उलट. दहा लाख प्रोटॉन मोजले, तर वजाबाकी करून हातात उरतात फक्त पाच.

याचं कारण उष्णता. चुंबकीय क्षेत्र प्रोटॉनला ‘इकडे बघ’ म्हणून खुणावत असतं, पण आजूबाजूच्या रेणूंची धक्काबुक्की त्याच्यापुढे कितीतरी पटींनी मोठी असते. दोघांचा जोर बरोबरीचा व्हायचा, तर तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन हजारांश अंशावर आणावं लागेल. म्हणजे उणे २७३ सेल्सिअसच्याही थोडं खाली. आपलं शरीर असतं ३७ अंश सेल्सिअसला. प्रोटॉनच्या हिशेबात हे लाखपट गरम झालं!

इथेच या विषयातली पहिली गंमत आहे. ‘उच्च तापमान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भट्टी, लाव्हा, सूर्य येतो. पण गरम-थंड हे कुणाच्या नजरेतून बघतोय त्यावर ठरतं. केंद्रकांच्या स्पिनसाठी तुमचा एसी लावलेला हॉलही इतका गरम असतो, की शास्त्रज्ञ सरळ ‘इन्फिनाइट टेम्परेचर’, म्हणजे अनंत तापमान, असं म्हणून मोकळे होतात. त्याचा अर्थही साधा आहे. प्रत्येक स्पिन म्हणजे उडवलेलं नाणं. छापा किंवा काटा, दोन्हीची शक्यता सारखी. कुठल्याही मांडणीचे लाड नाहीत.

मग पाचच्या जोरावर चित्र कसं निघतं? संख्याबळावर. एका घन मिलिमीटर पाण्यात, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान थेंबात, इतके प्रोटॉन असतात की दहा लाखांत पाच या दरानेही शिल्लक तीनशे लाख कोटींच्या वर जाते. तेवढी कुजबुज मशीनला ऐकू येते.

बोलणारे शेजारी

आतापर्यंत आपण प्रत्येक स्पिन एकटा धरला. पण चुंबकाशेजारी चुंबक ठेवला, तर ते एकमेकांना ओढणार किंवा ढकलणारच. स्पिनचंही तसंच. शेजारी एकमेकांशी सतत ‘बोलत’ असतात. मग खरा प्रश्न पडतो: सगळा आधीच गोंधळ आहे, त्यात प्रत्येक जण शेजाऱ्याला ढोसतोय. अशा गर्दीचं वेळेनुसार काय होतं? एखाद्या कोपऱ्यात थोडे जास्त ‘वर’ बघणारे स्पिन जमले, तर ते जास्तीचं ‘वर’पण जातं कुठे?

उत्तरासाठी सकाळी आठची लोकल डोळ्यांसमोर आणा. डबा इतका भरलाय, की ना कुणी आत येऊ शकतं ना बाहेर पडू शकतं. हलायचा एकच मार्ग म्हणजे शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल. आता समजा दारापाशी दहा लाल शर्टवाले उभे आहेत. तासाभराने ते डब्यात इकडे-तिकडे पांगलेले दिसतील. पण लाल शर्ट दहाच राहतील. एकही वाढणार नाही, एकही गायब होणार नाही.

स्पिनही नेमकं हेच करतात. एक ‘वर’ आणि शेजारचा ‘खाली’ असेल, तर दोघं भूमिका बदलतात. पहिला खाली होतो, दुसरा वर. बेरीज तीच. बेरीज बदलता येत नाही, म्हणून जास्तीचं ‘वर’पण पुसलं जात नाही, ते फक्त हळूहळू पसरतं. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसं. याला विसरण म्हणजेच डिफ्यूजन म्हणतात.

ही कल्पना निकोलास ब्लूमबर्गेन यांनी १९४९ मध्ये एका कोड्यासाठी वापरली. काही स्फटिकांत मोजकेच चुंबकीय अशुद्ध अणू असतात. त्यांच्या अगदी जवळच्या केंद्रकांवर त्यांचा परिणाम व्हावा, हे समजण्यासारखं होतं. पण लांबच्या केंद्रकांपर्यंतही तो पोचत होता. कसा? ब्लूमबर्गेन यांनी सांगितलं, की अणू जागचा हलत नाही, हातोहात जातं ते स्पिनचं ‘वर’पण. (याच गृहस्थांना पुढे १९८१ मध्ये लेझर स्पेक्ट्रोस्कोपीसाठी नोबेल मिळालं.)

विसरणाचा वेग मात्र गोगलगायीलाही लाजवणारा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९८ साली कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकात तो थेट मोजला गेला. त्या आकड्यावरून हिशेब केला, तर एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पसरायला साधारण पाव तास लागतो. मग दोन मायक्रोमीटरला अर्धा तास? चूक! एक तास. विसरणात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. याच हिशेबाने केसाच्या जाडीएवढं, म्हणजे ८० मायक्रोमीटर अंतर कापायला दोन महिन्यांहून जास्त लागतील, तेही वाटेत दुसरं कशाने ते पुसलं नाही तर.

नोट आणि अफवा

इथे एक फरक नीट समजून घेऊ. कॉलेज कँटीनमध्ये शंभराची नोट हातोहात फिरते आणि अफवाही तोंडोतोंडी फिरते. पण नोट दिली की आपल्याकडे उरत नाही. अफवा सांगितली तरी उरतेच, वर वाढते. म्हणून नोट रेंगाळते आणि अफवा सुसाट सुटते.

स्पिनच्या गर्दीत दोन्ही एकाच वेळी चालू असतं, आणि हे दाखवण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. बंगळूरुच्या आयसीटीएस या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कॉम्प्युटरवर अनंत तापमानाच्या स्पिनची एक लांब साखळी घेतली आणि तिची हुबेहूब दुसरी प्रत केली. दुसरीत एकाच स्पिनला किंचित, अगदी नावापुरता धक्का दिला. मग दोन्ही साखळ्या सोडून दिल्या आणि त्यांच्यातला फरक कुठवर पोचतो ते पाहिलं.

फुलपाखराने पंख हलवले आणि कुठेतरी वादळ आलं, हे तुम्ही ऐकलं असेल. इथे तेच मोजलं गेलं. त्या धक्क्याची ‘बातमी’ साखळीभर ठरावीक वेगाने, सरळ पळत गेली. दुप्पट अंतराला दुप्पटच वेळ. आणि त्याच साखळीत स्पिनचं ‘वर’पण मात्र विसरणाच्या कूर्मगतीनेच सरकत होतं. गर्दी तीच, नियमही तेच, पण बातमीची चाल वेगळी आणि मालाची वेगळी. इन्स्टावरची स्टोरी आणि कुरिअरचं पार्सल यांच्यातला फरकच म्हणा ना!

पुसलं की लपलं?

पांगलेली गर्दी आपण कुठून आलो ते विसरते का? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. रोजच्या अनुभवात पांगलेलं परत गोळा होत नाही. चहात विरघळलेली साखर पुन्हा चमच्यात येत नाही. पण स्पिननी इथे चकवा दिला.

१९५० मध्ये अर्विन हान यांनी ‘स्पिन एको’ शोधला. समजायला शिवाजी पार्कवर या. दहा मुलं एका रेषेवरून धावायला लागली. कुणी जलद, कुणी संथ. पाच मिनिटांत सगळी पांगली. बघणाऱ्याला वाटेल, आता यात काही सुसूत्रता उरली नाही. इतक्यात सरांनी शिट्टी वाजवली, ‘उलटे फिरा, वेग तोच ठेवा!’ जो सगळ्यात पुढे गेला होता त्याला परतीचं अंतरही जास्त. बरोबर पाच मिनिटांनी दहाही मुलं एकदम सुरुवातीच्या रेषेवर! स्पिनसाठी ही शिट्टी म्हणजे रेडिओलहरींचा एक छोटा ठोका. विरून गेलेला सिग्नल प्रतिध्वनीसारखा परत येतो. आजही एमआरआयमध्ये ही युक्ती रोज वापरली जाते.

पण मुलं एकमेकांना ढकलत धावत असतील तर? मग नुसतं मागे वळून भागणार नाही. ढकलाढकलीही उलटी करावी लागेल. घन पदार्थातल्या स्पिनचं हेच होतं. कॅल्शियम फ्लोराइडमध्ये शेजाऱ्यांच्या रेट्याने सिग्नल सेकंदाच्या काही लाखांश भागातच मरतो, आणि तो कायमचा गेला असं मानण्यासारखी परिस्थिती होती. १९७०-७१ मध्ये एमआयटीतल्या ऱ्हिम, पाइन्स आणि वॉ या तिघांनी रेडिओलहरी अशा खुबीने वापरल्या, की स्पिनमधल्या ओढाताणीचं चिन्हच उलटं झालं. जणू चित्रफीत रिव्हर्समध्ये लावली. ही फीत निम्म्या वेगाने मागे जाते, त्यामुळे परतायला दुप्पट वेळ लागतो. पण सिग्नल परत आला! त्याला नाव पडलं ‘मॅजिक एको’.

म्हणजे गोंधळात माहिती नष्ट झाली नव्हती. ती एकेका स्पिनमध्ये दिसत नव्हती, कारण ती अनेकांच्या आपसांतल्या संबंधांत विखुरली होती. मला या सगळ्यात सर्वांत जास्त भिडली ती ही गोष्ट. जे आपल्याला विस्मरण वाटतं, ते कधीकधी फक्त लपणं असतं.

मुंबई कनेक्शन

थोडा ब्रेक घेऊन एक आपल्या जवळची गोष्ट. प्रोटॉनचा हा सिग्नल फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये जगासमोर आणला. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. पुढे १९५१ मध्ये स्टॅनफर्डमधून एक शोधनिबंध आला. त्यात दिसलं, की इथेनॉलमधले हायड्रोजन एक नाही तर तीन वेगवेगळे सिग्नल देतात, म्हणजे रेणूतल्या जागेप्रमाणे प्रोटॉनचा आवाज बदलतो. आज औषधाचा रेणू ओळखायला जगभर हीच पद्धत वापरतात. त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्माधिकारी नव्हे, धर्मत्ती! आडनाव लक्षात ठेवा. याच धर्मत्तींनी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, या संशोधनाचा पाया घातला. कुलाब्याला फिरायला जाता तेव्हा हे आठवा.

एका रांगेत उभे राहा

आता आजच्या वादाकडे. आतापर्यंतची गर्दी सगळ्या दिशांना पसरलेली होती. पण स्पिन एकाच रांगेत उभे केले तर? प्रत्येकाला दोनच शेजारी, एक डावीकडे, एक उजवीकडे. हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या मॉडेलची ही साखळी. हान्स बेथे यांनी १९३१ मध्ये तिचं गणित अचूक सोडवण्याची रीत शोधली. म्हणजे विषय संपला? अजिबात नाही. गणित सोडवता येणं वेगळं आणि गरम साखळी वेळेनुसार कशी वागते हे सांगता येणं वेगळं.

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथल्या शास्त्रज्ञांना २०११ पासूनच्या आकडेमोडीत काहीतरी विचित्र दिसत होतं. स्पिनचं ‘वर’पण ना सरळ पळत होतं, ना विसरणासारखं रेंगाळत होतं. मधलीच चाल होती. तुलना करून बघा. चौपट अंतर जायचंय:

• सरळ पळणाऱ्याला वेळ लागेल ४ पट.
• विसरणाने जाणाऱ्याला १६ पट.
• या साखळीत लागतो ८ पट!

याला अतिविसरण म्हणतात. गंमत म्हणजे हे अगदी उंबरठ्यावर घडतं. स्पिनमधला परस्परसंबंध तिन्ही दिशांना तंतोतंत सारखा असेल, तरच. एका बाजूला थोडं झुकलं की सरळ पळापळ, दुसऱ्या बाजूला झुकलं की साधं विसरण.

२०१९ मध्ये याच गटाला आणखी मोठा धागा सापडला. पसरलेल्या स्पिनच्या आलेखाचा आकार एका जुन्या, वेगळ्याच समीकरणाशी जुळत होता. ते १९८६ मध्ये कार्दार, पारिसी आणि झांग यांनी मांडलेलं. म्हणून त्याला ‘केपीझेड’ म्हणतात. ते स्पिनसाठी नव्हतंच मुळी. खडबडीत पृष्ठभाग कसे वाढतात, हे सांगण्यासाठी होतं. जळत्या कागदाची वेडीवाकडी कड पुढे सरकते ना, तीही याच नियमाने! त्याच वर्षी बंगळूरुच्या आयसीटीएसमधल्या शास्त्रज्ञांनाही, जर्मनीतल्या हर्बर्ट श्पोन यांच्यासोबत, एका क्वांटम नसलेल्या साखळीतही हीच चाल दिसली.

मग प्रयोगांची रांग लागली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या शास्त्रज्ञांच्या गटाने तांब्याच्या अणूंच्या साखळ्या असलेल्या एका स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून ही चाल टिपली. २०२२ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत साधारण ५० रुबिडियम अणूंची रांग करून ती पुन्हा पाहिली गेली. कागदाची कड आणि क्वांटम चुंबक एकाच माळेचे मणी! ‘हो, हेच ते’ असं वाटायला लागलं.

सरासरीने फसवलं

२०२४ मध्ये गूगलच्या क्वांटम कॉम्प्युटर गटाने ४६ क्युबिटची साखळी बनवली. त्यांनी एक जास्तीचं काम केलं. साखळीच्या मध्यातून किती स्पिन पलीकडे जातो, याची नुसती सरासरी काढली नाही, तर प्रत्येक वेळचा आकडा नोंदवून त्यांचं अख्खं वाटप कसं आहे ते तपासलं.

याचं महत्त्व क्रिकेटमध्ये चटकन कळतं. दोन बॅटर आहेत, दोघींची सरासरी ४०. एक दर मॅचला ३९, ४१, ४० करते. दुसरी ०, ०, १२०. सरासरी तीच, पण शेवटच्या ओव्हरला कुणाला पाठवायचं हे सरासरी सांगू शकत नाही. त्यासाठी धावांचा विखुरलेपणा बघावा लागतो, तो एका बाजूला कलतोय का, टोकाचे आकडे किती वेळा येतात, हे बघावं लागतं.

गूगलच्या साखळीत सरासरी आणि विखुरलेपण अतिविसरणाशी छान जुळले. पण पुढच्या दोन कसोट्या, कल आणि टोकाचे आकडे, केपीझेडशी जुळल्याच नाहीत. म्हणजे ८ पटीची चाल खरी, पण तिचं कारण केपीझेड आहे, हे म्हणणं त्या प्रयोगापुरतं बाद झालं. चालण्याची ढब सारखी म्हणून माणूस तोच, असं नसतं.

हे वाचून ‘मग एवढं सगळं वाया गेलं का?’ असं वाटू शकतं. मला उलट वाटतं. आपण रोज सरासरीवर जगतो. पर्सेंटाइल, पॅकेज, फॉलोअर्स, रेटिंग. एक आकडा बघायचा आणि निकाल लावायचा. इथे जगातल्या हुशार माणसांनी वर्षानुवर्षं जपलेली, दोन प्रयोगांत जुळलेली कल्पना कुणीतरी पुन्हा खोलात जाऊन तपासली, आणि ‘अजून बरोबर कळलेलं नाही’ हे जाहीर छापलं. त्यावर आता नवे सिद्धांत मांडले जातायत. बीएस्सी, एमएस्सी करणाऱ्यांनो, इथे जागा रिकामी आहे!

करून बघा!

लॅब नको, फंडिंग नको. २० नाणी एका ओळीत मांडा. डावीकडची १० छापा, उजवीकडची १० काटा. १ ते १९ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. चिठ्ठी काढा, ७ आला तर सातव्या आणि आठव्या नाण्याची अदलाबदल करा. चिठ्ठी परत टाका, पुन्हा काढा. दर २० चिठ्ठ्यांनी मोबाइलवर एक फोटो घ्या.

छापा-काट्याची सरळ सीमा हळूहळू विरघळताना दिसेल. किती नाण्यांपर्यंत मिसळ पोचली ते मोजा. कोडिंग येत असेल तर हेच हजार नाण्यांवर, हजार वेळा चालवा. मिसळीची रुंदी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो का, ते बघा. सरासरी जुळली की मात्र लगेच थांबू नका. बाकीचे आकडेही उघडून बघा.